शेवटचा अंतरा कोणी कापला?

सत्तरच्या दशकातली सर्वोत्तम गाणी. ऐंशीच्या दशकातले आवडते दहा अल्बम. असल्या याद्यांचं सध्या पेव फुटलंय. दिवाळी अंक काढतात, रविवारच्या पुरवण्या काढतात, निवृत्त साहेबलोक मोबाइलवरून एकमेकांना पाठवतात आणि जुन्या आठवणींनी डोळे पुसतात. यादी कुणाचीही उघडा, आतला माल ठरलेला. 'पिंजरा' १९७२. 'सामना' १९७५. 'जैत रे जैत' १९७७. 'उंबरठा' १९८२. हिंदीवाला असला तर 'शोले'च्या संवादांची तबकडी, १९८० चा 'कुर्बानी', १९८१ चं नाझिया हसनचं 'डिस्को दीवाने'. पोरगं कॉन्व्हेंटमधलं असलं तर पिंक फ्लॉइड नि बॉब मार्ली.

गाणी वाईट आहेत असं आमचं म्हणणं नाही. ना. धों. महानोरांचं गाणं आम्हालाही कळतं, आम्हीही वावरातलेच. बॉब मार्ली तर आमचाच माणूस. आमचा सवाल साधा आहे आणि तो आम्ही मोठ्यानं विचारणार : या याद्यांत वामनदादा कर्डक कुठं आहे? श्रावण यशवंते, लक्ष्मण राजगुरू, गोविंद म्हशीलकर, नागोराव पाटणकर, राजानंद गडपायले, कृष्णा शिंदे, सुषमादेवी, वैशाली शिंदे कुठं आहेत? सत्तर-ऐंशीच्या दशकांत वस्त्यावस्त्यांत, चाळींत, झोपडपट्ट्यांत जे गाणं रात्ररात्र वाजलं ते यादी करणाऱ्यांच्या कानावर गेलंच नाही? गेलं असणार. भोंगा काही गावकुसापाशी थांबत नाही, आवाज आत येतोच. कान बंद करायची विद्या मात्र या देशात हजारो वर्षं शिकवली गेलीय.

कुणी म्हणेल, तुमची गाणी प्रचाराची, त्यांना अल्बम कसं म्हणायचं? ठीक. मग दोन माणसं घेऊ, जी त्यांच्या यादीत आहेतच.

पहिला आमच्या अमरावतीचा. सुरेश भट. जन्म १९३२, मृत्यू २००३. गझलेचा बादशहा म्हणून त्यांना डोक्यावर घेतात, 'उंबरठा'तलं त्यांचं गाणं प्रत्येक यादीत असतं. याच सुरेश भटांनी भीमवंदना लिहिली. ब्राह्मण घरात जन्मलेला हा माणूस पुढं बुद्धाकडं आला. आमच्या वऱ्हाडात असं विहार शोधून सापडणार नाही जिथं ती वंदना कुणाला पाठ नाही. ज्या कवीचं एक गाणं सर्वोत्तम, त्याच कवीचं दुसरं गाणं यादी करणाऱ्याला ठाऊकसुद्धा नाही. कवी तोच, शब्दांवरची हुकमत तीच. बदललं ते फक्त कुणासाठी लिहिलं ते.

दुसरा प्रल्हाद शिंदे. १९३३ ते २००४. त्यांच्या विठ्ठलाच्या आणि गणपतीच्या गाण्यांवाचून महाराष्ट्रात आषाढी होत नाही, गणपती बसत नाही. सोवळं नेसून आरती करणाऱ्याच्या घरातही तो आवाज चालतो. त्याच गळ्यातून आलेली भीमगीतं मात्र चालत नाहीत. देवासाठी गायलं तेव्हा तो 'स्वरसम्राट', बापासाठी गायलं तेव्हा 'त्यांच्यातला गायक'. आवाजाचे दोन तुकडे केले राजेहो, एक देव्हाऱ्यात नेला आणि दुसरा उकिरड्यावर टाकला. याला तुम्ही रसिकता म्हणता. आम्ही याला पाणवठा वेगळा ठेवणं म्हणतो.

आता या वेगळ्या पाणवठ्याची यंत्रणा कशी चालते ते नीट बघा. आकाशवाणीवर भावगीत लागतं तेव्हा निवेदक तीन नावं सांगतो : गीतकार अमुक, संगीतकार तमुक, स्वर अमक्याचा. ही शिस्त चांगली आहे. तिच्यामुळं घराघरात कवीचं नाव पोचतं, पुढच्या पिढीला ते पाठ होतं, साठ वर्षांनी यादी करायला बसलं की आपसूक ओठावर येतं. आमचं गाणं आलं की त्याच्यावर एक शिक्का बसतो : लोकगीत. पारंपरिक. म्हणजे कुणाचंच नाही. हवेतनं पडलं. ज्यानं गिरणीच्या पाळ्या करून, दुकानांच्या पाट्या वाचत मोठेपणी अक्षरं गिरवून, कंदिलाच्या उजेडात यमकं जुळवली, तो माणूस एका शिक्क्यात गायब. भावगीताला बाप असतो, लोकगीत बेवारस असतं. ही वर्णव्यवस्था गाण्यातही चालूच आहे.

वामनदादा १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले आणि २००४ साली गेले. पहिलं गाणं १९४३ सालचं. तेव्हापासून मरेपर्यंत साठ वर्षं हा माणूस गावोगाव फिरत लिहीत राहिला, गात राहिला. साठ वर्षं! 'वाटचाल', 'मोहळ', 'हे गीत वामनाचे' ही पुस्तकं सत्तरच्या दशकातली. आम्हा पोरांना शाळेत जे शिकायला मिळालं नाही ते या माणसाच्या गाण्यांनी आमच्या आज्यांना शिकवलं : महाडचं तळं १९२७ सालचं, काळाराम मंदिर १९३० सालचं, नागपूरची दीक्षा १९५६ सालची. ज्या बाईला अंगठ्याशिवाय सही माहीत नव्हती तिला हा इतिहास तोंडपाठ होता, सालासकट.

हे काही वामनदादांपासूनच सुरू झालं असंही नाही. जोतिबांच्या सत्यशोधकांचा जलसा होता. तिसाच्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा उभा केला. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांनी लालबावटा कलापथक काढलं. विठ्ठल उमप याच मुशीतले. २०१० च्या नोव्हेंबरात नागपूरला दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमातच त्यांनी देह ठेवला. ही सगळी परंपरा मंचावरची, तोंडची. तिला साठवायला कुणाकडे यंत्र नव्हतं. ७८ च्या तव्यावर एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावायची, आणि ते तवे काढणार कंपनी, कंपनीच्या मर्जीनं. अर्धा तास चालणारा जलसा त्यात कसा बसावा?

मग कॅसेट आली. फिलिप्सनं ती १९६३ सालीच काढली होती, आपल्याकडे तिचा सुळसुळाट झाला तो ऐंशीच्या दशकात. ही कॅसेट आमच्या लोकांसाठी क्रांती होती, आणि हे वाक्य मी तोलून लिहितो आहे. साठ मिनिटं गाणं, दोन बाजू, खिशात मावेल एवढी पेटी. एकाची दुसरी कॉपी कुठल्याही दुकानात करून मिळे. मोठ्या कंपन्यांच्या दारात ताटकळत बसायची गरज संपली. लहान लहान कंपन्या निघाल्या. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटींचे ढीग लागायला लागले. माणसं भाकरी बांधून यायची आणि जाताना एक बुद्धमूर्ती, एक पुस्तक, एक कॅसेट घेऊन जायची. तीच आमची तबकडी, तोच आमचा अल्बम.

तर आम्ही म्हटलं, दुसऱ्याच्या यादीत जागा मागत कायले बसायचं? आपली आपण करू. नांदगाव खंडेश्वर म्हणजे अमरावतीहून यवतमाळच्या रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. खंडेश्वराचं जुनं दगडी देऊळ बघायला लोक येतात, वस्तीत कुणी येत नाही. तिथं गेल्या भीमजयंतीच्या आधी आम्ही पाच-सहा पोट्टे वही घेऊन घरोघर फिरलो. मी गोदीतनं सुट्टी टाकून गेलो होतो. प्रत्येकाला एकच प्रश्न : सत्तर-ऐंशीतली तुमची सगळ्यात आवडती कॅसेट कोणती?

उत्तरं ऐका. "निळ्या कव्हरची होती बावा, दीक्षाभूमीवरून आणली होती." "थे आमच्या लग्नातली. आमच्या लग्नात बँड नोयता, बामण त नोयताच. क्यासेट लावली, बुद्धवंदना झाली, अन् झालं लग्न." "नामांतराच्या टायमाची. पोलीस आले का टेप बंद, गेले का चालू." "जिच्यात कव्वालीचा दुय्यम सामना होता, बाई अन् माणूस एकमेकाले सवाल करते, थे." एका म्हातारीनं टीनाची पेटी उघडली. साडीच्या घडीत गुंडाळलेल्या अकरा कॅसेटी. वाजवायला टेप नाही, वीस वर्षांत वाजलेल्या नाहीत. तरी तिनं ठेवल्या. कायले ठेवल्या माय, विचारलं. म्हणे, "बाबासाहेबाचं नाव हाये त्याच्यात. फेकता येते का?"

यादी भरली. आठ पानं झाली. पण वाचायला बसलो तेव्हा ध्यानात आलं की तिच्यात लग्न आहे, मोर्चा आहे, कव्हरचा रंग आहे, कुणी आणली ते आहे, आणि कवीचं नाव जवळजवळ कुठंच नाही. गायकाचं नाव कुठंकुठं. ढोलकीवाल्याचं, बुलबुलवाल्याचं, कोरसमधल्या बायांचं तर नावच काढू नका. कॅसेटींचे कागद फाटलेले. जे शाबूत त्यावर कंपनीचं नाव ठसठशीत, गायकाचा फोटो, आणि गीतकार कुठं बारीक अक्षरात, कुठं नाहीच.

आणि तरी नाव सापडलं. कुठं सापडलं सांगू? गाण्यातच.

आपले कवी हुशार होते. त्यांना माहीत होतं की कागद आपला नाही, छापखाना आपला नाही, कंपनी आपली नाही. म्हणून त्यांनी आपलं नाव शेवटच्या अंतऱ्यात विणून ठेवलं. वामनदादांच्या गाण्याचा शेवटचा अंतरा ऐका, तिथं 'वामन' असतो. ही रीत जुनी आहे. चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्याच्या कुसाखाली गाडला गेला असं सांगतात. त्याचा अभंग कुणी लिहून घेतला, कुणी लपवला, कुणी आपलाच म्हणून गायला असेल. पण नाव अभंगाच्या पोटात होतं, म्हणून सातशे वर्षांनीही चोखोबा चोखोबाच राहिला. देवळात घेतलं नाही, अभंगातून काढता आलं नाही.

मी गोदीत काम करतो. जहाजातनं उतरणाऱ्या प्रत्येक गठ्ठ्यावर, प्रत्येक पेटीवर मार्का असतो. नंबर असतो, मालकाचं चिन्ह असतं. टॅली क्लर्क तो मार्का बघून वहीत टिपतो, मगच माल हलतो. मार्का पुसला गेला, पाण्यानं फिकटला, की माल कोपऱ्यात पडतो. मग तो बेवारस ठरतो. आणि बेवारस मालाचं काय होतं? लिलाव. मूळ ज्याचा घाम त्यात आहे त्याला छदाम नाही, लिलावात बोली लावणारा मालक. आपल्या गाण्याचा शेवटचा अंतरा म्हणजे तो मार्का होता.

आता विचारतो : शेवटचा अंतरा कोणी कापला?

आधी तव्यानं कापला, तीन मिनिटांत बसेना म्हणून. मग काही कॅसेटवाल्यांनी कापला, एका बाजूला एक गाणं जास्त बसवायला. पण सगळ्यात जास्त कापला तो आपण, आणि हे आपणच आपल्या तोंडावर बोललं पाहिजे. १४ एप्रिलची मिरवणूक बघा. ट्रॅक्टरवर पेट्यांची भिंत. गाण्याचं धृपद, त्याच्यावर ठोका, पुन्हा धृपद, पुन्हा ठोका, आणि दुसरं गाणं. पहिला अंतराच पुरता येत नाही तर शेवटचा कुठनं येणार? ज्या कवीनं साठ वर्षं आपल्या बापाचं नाव गायलं, त्याचं नाव आपणच त्याच्या गाण्यातनं छाटून टाकलं. कंपनीला शिव्या द्यायला आपली जीभ लांब आहे. ही कात्री मात्र आपल्या हातातली आहे.

मी पोट्ट्यांच्या नाचण्याविरुद्ध नाही. वर्षभर मान खाली घालून हमाली करणारा एक दिवस मान वर करून नाचला तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. डीजेवाला पोरगाही आपल्यातलाच, पेट्या उचलून पाठ मोडलेला. नाचा. पण नाचताना पूर्ण गाणं नाचा. दीड मिनिटं जास्त लागतील. एवढा वेळ आपल्याकडे आहे.

आता आपल्यातलेच काही विचारवंत म्हणतील की कवीचं नाव कशाला पाहिजे? गाणं जनतेचं झालं हाच कवीचा मोठेपणा, नावाचा सोस हा पांढरपेशा रोग. वामनदादांनी कधी पैसा मागितला? हे ऐकायला फार गोड लागतं. मीही कविता करतो, म्हणून हा मोठेपणा मला कुठनं येतो ते कळतं. पण दोस्तांनो, जनतेचं गाणं आणि उपाशी कवी या दोन गोष्टी एकच नाहीत. गाणं जनतेचं असतं असं कंपनी मानते का? तेच गाणं तुमच्या पोरानं मोबाइलवर टाकून बघावं. कंपनीचा दावा येऊन पडतो : हे आमच्या मालकीचं. म्हणजे गाणं जनतेचं फक्त कवीला द्यायची वेळ येते तेव्हा. घ्यायची वेळ आली की ते खासगी मालमत्ता. या जनतेच्या नावाखाली फुकट राबवून घेणं आमच्या बापजाद्यांनी पुष्कळ पाहिलं. त्याचं जुनं नाव वेठबिगार.

आणि कायदा काय म्हणतो तेही जाणून घ्या, कारण कायदा लिहिणारा आपला बाप होता आणि आपण कायदा वाचत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं रचना कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याची आणि त्याच्या वारसांची असते. म्हणजे वामनदादांचे शब्द २०६४ सालच्या अखेरपर्यंत हवेतनं पडलेले नाहीत. त्याच कायद्याचं ५७ वं कलम सांगतं की हक्क विकून टाकले तरी ही रचना माझी आहे असं सांगण्याचा अधिकार कवीकडेच राहतो. नाव हा उपकार नाही, कलम आहे. २०१२ सालच्या दुरुस्तीनं तर गीतकाराचा आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारात लिहून घेऊन हडपायला मनाई केली. तो वाटा वारसांना देता येतो, हक्क वसूल करणाऱ्या संस्थेकडे देता येतो, कंपनीच्या घशात घालता येत नाही. ज्यांची दुरुस्तीच्या आधीची पिढी एकरकमी चार पैसे घेऊन अंगठा देऊन गेली त्यांचं नुकसान भरून निघणार नाही. पण आज जी पोरं-पोरी गातात, लिहितात, त्यांनी सही करण्याआधी एवढं तरी वाचावं.

यादी ही क्षुल्लक गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी जरा समुद्रापलीकडं बघावं. अमेरिकेत 'रोलिंग स्टोन' नावाचं मासिक आहे. २००३ साली त्यांनी सर्व काळातल्या पाचशे थोर अल्बमांची यादी केली, पहिला नंबर बीटल्सचा. मार्व्हिन गे या काळ्या गायकाचा १९७१ सालचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' सहाव्या नंबरावर. २०२० साली पुन्हा नव्यानं मतं घेतली आणि मार्व्हिन गे पहिल्या नंबरावर आला. मधल्या सतरा वर्षांत अल्बममधला एक सूर बदलला नव्हता. बदलली ती मतं देणारी माणसं. सर्वोत्तम काय हे आकाशातनं ठरत नाही, यादी कोण करतो त्यावर ठरतं. आणि ज्यांच्यावरनं १९७२ साली इथं पँथर हे नाव आलं त्या ब्लॅक पँथरांचं बघा. त्यांच्यातल्या एलेन ब्राउननं १९६९ साली पक्षाच्या गाण्यांची तबकडी काढली. तिच्यावर तिचं नाव आहे, साल आहे. आज पन्नास वर्षांनी ती उचलून कुणीही सांगू शकतो की हे गाणं कुणाचं. इथल्या पँथरांच्या सभांत जी गाणी गायली गेली, नामांतराच्या सोळा वर्षांत, १९७८ च्या ठरावापासून १९९४ च्या १४ जानेवारीपर्यंत, जी गाणी रस्त्यावर जन्मली, त्यांतली किती तुम्ही नावासालासकट सांगू शकता?

आणि हे लाडाकोडाचं, आठवणींचं काम नाही. भीमगीत ऐकणं या राज्यात अजून जिवावर बेतू शकतं. २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत एका दलित तरुणाला मोबाइलवर भीमगीताची रिंग वाजली म्हणून मारून टाकलं. तुमच्या आवडत्या अल्बमसाठी तुम्हाला कुणी मारलंय? १९९७ च्या ११ जुलैला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळ्या घालून दहा माणसं मारली आणि चार दिवसांनी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरेनं गळफास घेतला. त्याचा आवाज आपल्यापाशी आहे तो आनंद पटवर्धनांनी 'हमारा शहर' आणि 'जयभीम कॉम्रेड' या चित्रपटांत धरून ठेवला म्हणून. ज्यांच्याजवळ कुणी कॅमेरा घेऊन गेला नाही असे घोगरे किती? ते वऱ्हाडात होते, मराठवाड्यात होते, त्यांच्या कॅसेटी टीनाच्या पेटीत आहेत आणि पट्टीला बुरशी लागत चाललीय.

नावासकट जपता येत नाही असं कुणी म्हणू नये. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी ऐंशीच्या दशकापासून खेडोपाडी जाऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांच्या गटानं एक लाखाहून जास्त जमवल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. प्रत्येक ओवीला बाईचं नाव, तिचं गाव लिहून ठेवलं. जात्यावर बसलेल्या बाईची ओवी म्हणजे लोकगीताहून लोकगीत. तिथं नाव लिहिता आलं. मग कॅसेटवरच्या गाण्याला का नाही? आणि इथं आपल्या पुरुषांनी कान टोचून घ्यावेत. आपल्या याद्यांतही बाया तळाला असतात. सुषमादेवींचं, वैशाली शिंदेंचं नाव आम्हाला बायांनीच सांगितलं, माणसांना आठवलं नाही. आज कडूबाई खरात एकतारी घेऊन मोबाइलवरनं घराघरात पोचली. तिच्या आधी जिच्या हातात एकतारी होती, टाळ होता, जी कोरसमध्ये मागं उभी राहिली, तिला मागंच ठेवायचं का?

तेव्हा काम ठरवून घेऊ. आमच्या नांदगावात आम्ही चार गोष्टी ठरवल्यात, बाकीच्या गावांनी आपापल्या परीनं ठरवाव्यात.

एक. विहारात एक कपाट कॅसेटींचं. ज्याच्या घरी पेटीत पडल्यात त्यानं आणून द्याव्यात, द्यायच्या नसतील तर एका दिवसासाठी द्याव्यात. चालू टेपरेकॉर्डर शोधायचा, हेड स्पिरिटनं पुसायचं, पट्टी पेन्सिलीनं हळूहळू गुंडाळायची आणि मोबाइलमध्ये उतरवून घ्यायची. पैसा लागत नाही, धीर लागतो.

दोन. वहीत प्रत्येक गाण्यासमोर नावं : कवी, गायक, चाल कुणाची, वाद्यं कुणी वाजवली. कागद फाटला असला तर शेवटचा अंतरा ऐका. तिथंही नसलं तर म्हाताऱ्यांना विचारा. भीमराव कर्डकांनी १९७८ साली आंबेडकरी जलशांवर स्वतः पुस्तक लिहून ठेवलं, कुणी प्राध्यापक येईल म्हणून वाट बघत बसले नाहीत. आपण वही लिहू.

तीन. १४ एप्रिलला गाणं शेवटच्या अंतऱ्यापर्यंत वाजेल. डीजे ठरवतानाच ही अट सांगायची. सुपारी आपली, अट आपली. आणि गाणं सुरू होण्याआधी माइकवरनं नावं सांगायची, आकाशवाणीवाला सांगतो तशी. तो भावगीताला जो मान देतो तो आपण आपल्या गाण्याला द्यायला कोण अडवतो?

चार. जे गायक, जे कवी, जे ढोलकीवाले अजून हयात आहेत त्यांच्याकडं आधी जायचं. सत्काराची शाल आणि नारळ घेऊन नाही. पिठाची गिरणी चालू आहे का, औषधाला पैसे आहेत का ते बघायला, आणि त्यांचं गाणं त्यांच्याच तोंडून नावासकट उतरवून घ्यायला. मेल्यावर चौकाला नाव देणारे पुष्कळ मिळतात.

ही यादी आम्ही कुठल्या रविवारच्या पुरवणीला पाठवणार नाही. त्यांनी आम्हाला अकरावा नंबर द्यावा म्हणून आम्ही हात पसरलेला नाही. यादी विहाराच्या भिंतीवर लागेल, मोठ्या अक्षरात, म्हातारीला वाचता यावी अशी, आणि जिला वाचता येत नाही तिला शाळेतलं पोरगं वाचून दाखवील. ज्यांना रसिक म्हणवून घ्यायचंय त्यांनी नांदगाव खंडेश्वरला यावं, चपला बाहेर काढाव्यात आणि ऐकावं. आमच्या दाराला कडी नाही.

पण आधी आपण ऐकू. धृपदावर थांबू नका. पहिला अंतरा, दुसरा अंतरा, तिसरा. गाणं संपत आलं की आवाज वाढवा, कमी करू नका. तिथं एक माणूस आपलं नाव सांगतो आहे.

जय भीम.